मागचे दिवे आणि पुढचे मूर्ख

११ ऑक्टोबर, आयुधपूजा

वर्षभर ज्या हत्यारांना गंज चढू द्यायचा, त्यांना एक दिवस हळदकुंकू लावून गप्प बसवायचं, असा हा सण आहे. कोयते, कुदळी, सुपारी सोलायचं यंत्र, पाण्याचा पंप, पद्मक्कांचं शिवणयंत्र आणि आमची जीप, सगळ्यांच्या कपाळी आज गंध लागलं. उद्यापासून पुन्हा गंज. मला यातलं काही पटत नाही. पण पद्मक्का माझ्या मोठ्या नणंद, जन्मल्या याच घरात, तेव्हा सण त्यांचे आणि शिस्त माझी अशी आमची जुनी वाटणी आहे.

शिस्त लागतेच. तम्मय्याने नेहमीप्रमाणे जीप ओढ्यात अर्ध्या चाकांपर्यंत उभी करून म्हशीसारखी घासली. मी ही जीप वरच्या वाडीच्या मुलींना हायस्कुलात नेण्या-आणण्यासाठी ठेवली आहे, डुंबायला नाही, हे त्याला किती वेळा सांगितलं त्याची गणती नाही. तो "हो टीचरम्मा" म्हणतो आणि बादली भरतो. आठवीत माझ्या वर्गात होता तेव्हाही "हो टीचर" म्हणून तेच चुकीचं उत्तर पुन्हा लिहायचा.

एक सुधारणा मात्र मी यंदा केली. दरवर्षी जीपच्या मागची झेंडूची माळ हे लोक सुतळीने दिव्यांना गुंडाळतात. पहिल्याच वळणावर ती ढिली होते आणि गावभर फरफटत येते. यंदा मी कोप्प्याहून दोन जाड लोखंडी हूक आणले आणि मागच्या पत्र्यावर, दोन्ही दिव्यांच्या जरा वर, बसवून घेतले. उजवीकडे भोक पाडताना तम्मय्या थांबला आणि "टीचरम्मा, इथं आतून जरा..." असं काहीतरी पुटपुटायला लागला. वाक्य पुरं करता येत नसेल तर सुरू करू नये. भटजी खोळंबले होते. स्क्रूही त्याने काडीएवढे काढले होते. मी ते ठेवायला लावून दीड इंचाचे घालायला लावले. काम करायचं तर घट्ट.

माळ सरळ बसली. अख्ख्या गावात एकट्या आमच्या जीपची माळ सरळ होती. नंतर चाकाखाली लिंबं चिरडून आणि कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर आपटून जो काही चिखल करायचा तो सगळ्यांनी केला. त्याच्यावरून पोस्टमन घसरला.

पुढच्या शुक्रवारी चिक्कमगळूरला जीपची तपासणी आहे. पास झाली तर तिला आणखी चालवता येईल. नाही झाली तर भंगार.

१२ ऑक्टोबर

विजयादशमी. कोप्प्याला माझ्या जुन्या सहकारी बाईंकडे जाऊन येताना घाटात धुकं उतरलं. तिसऱ्या वळणावर म्हशी आडव्या आल्या, तम्मय्याने ब्रेक दाबला, आणि मागून येणारी लॉरी आमच्या पाठीला टेकता टेकता वाचली. तिचा ड्रायव्हर उतरून माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, "अज्जी, मागचे दिवे विकून खाल्लेत का?"

अज्जी. मी त्याला त्याचं नाव, गाव आणि शिक्षण विचारलं. त्याने तिन्हींतलं एकही सांगितलं नाही, पण आवाज खाली आणला. ब्रेकचे दिवे लागत नव्हते हे मात्र खरं. उतरून पाहिलं. वर हॉर्नही मुका झालेला. या जीपमध्ये हॉर्न आणि ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजवर आहेत. तो फ्यूज वितळला होता.

घाटात, धुक्यात, मागे दिवा नाही आणि पुढे आवाज नाही. मुली बसलेल्या असत्या तर? सगळ्या वाटेत मी तम्मय्याशी एक अक्षर बोलले नाही. त्याला ते बोलण्यापेक्षा जास्त कळतं.

१३ ऑक्टोबर

नवा फ्यूज घातला. फाटकापर्यंत दिवे लागले. फाटकाबाहेर पुन्हा गेला.

मला कारण शोधायला वेळ लागला नाही. ओढ्याचं पाणी. तारांच्या सांध्यांत पाणी शिरलं की हे होणारच. तम्मय्याला सरळ सांगितलं, की शुक्रवारी जीप नापास झाली तर तू तुझ्या घरी. जीप विकायची की दुरुस्त करून दुसरा ड्रायव्हर ठेवायचा ते मी बघेन. हे गेल्यापासून जीप आणि तम्मय्या मला एकत्रच मिळालेत, जसं घराबरोबर छपराची गळती मिळते. पण गळतीसुद्धा बंद करता येते.

तो म्हणाला, "टीचरम्मा, पाणी दरवर्षी लागतं. दिवे दरवर्षी जात नाहीत."

मी म्हणाले, साचत साचत एक वर्ष येतंच. तो उजव्या हाताने डावा खांदा दाबत उभा राहिला. तरुणपणी सुपारीच्या झाडावरून पडला तेव्हापासून तो खांदा वर जात नाही. म्हणून तर यांनी त्याला बागेतून काढून जीपवर घेतलं होतं. खांद्याकडे हात नेला की मी विरघळेन असं त्याला वाटत असावं.

जेवताना पद्मक्का म्हणाल्या, "विशालू, हे सगळं पूजेनंतरच सुरू झालं ना गं?"

म्हणजे झालं. गावातही हेच चाललं आहे म्हणे: आयुधपूजेत काहीतरी चुकलं, घाटातली चौडी रागावली. चौडी म्हणजे तिसऱ्या वळणावर जांभळाखाली शेंदूर फासलेला एक दगड. मी अक्कांना शांतपणे समजावलं, की एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणजे ती दुसरीमुळे घडली असं होत नाही. असा तर्क करणाऱ्या मुलांना मी विज्ञानात कधी पास केलं नाही. पूजेचा आणि विजेच्या तारेचा काडीचाही संबंध नाही.

अक्कांनी कडुबू आणखी एक वाढला. वाद संपवायची त्यांची ही रीत आहे.

१४ ऑक्टोबर

कोप्प्याला लॉरेन्सच्या गॅरेजमध्ये. लॉरेन्स कोकणी बोलणारा ख्रिस्ती, हात चांगला, जीभ फार. त्याने बल्ब बदलले. बल्ब चांगलेच होते हे मी सांगत होते. मग ब्रेकच्या नळीवरचा स्विच बदलला. तोही चांगला होता हे मी सांगत होते. शेवटी म्हणाला, "टीचर, तुम्हालाच एवढं कळतंय तर तुम्ही स्वतः का नाही करत?" मी म्हणाले, माणसांना काम मिळावं म्हणून. त्यावर तो हसला आणि पैसे मात्र न हसता घेतले.

परतताना दिवे लागत होते. तम्मय्या प्रत्येक वळणावर गरज नसताना ब्रेक दाबून, हॉर्न वाजवून बघत होता, एखाद्या मुलाने नवी शिट्टी वाजवावी तशी. गवळ्याच्या घराशी मी रिकामा दुधाचा कॅन घेतला. आत ठेवायला जागा नव्हती म्हणून मागच्या उजव्या हुकाला अडकवला. हे हूक फारच कामाचे निघाले. पुढच्या वळणावर हॉर्न मुका, फ्यूज गेलेला.

लॉरेन्सच्या कामाचं आयुष्य गवळ्याच्या घरापर्यंत.

१५ ऑक्टोबर

आज तम्मय्या आपणहून इस्माईल नावाच्या वायरिंगवाल्याला घेऊन आला. हा माणूस गाडीच्या खाली अर्धा तास झोपला, वर आला तो दात कोरत, आणि म्हणाला की फ्यूजच हलक्या जातीचा आहे. मग त्याने सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद काढून फ्यूजच्या जागी गुंडाळला. "आता जाणार नाही," म्हणाला.

खरंच गेला नाही. त्याऐवजी जीपच्या उजव्या मागच्या कोपऱ्यातून जळक्या रबराचा वास यायला लागला. कॅन अजून तिथेच लटकत होता. तो काढायला मी हात लावला तर पत्रा कोमट. मी बॅटरीची तार उपटून काढली. फ्यूज वितळतो तो जीप वितळू नये म्हणून, हे सातवीच्या पुस्तकात आहे. इस्माईल सातवीत कुठे होता हे मी त्याला विचारलं. म्हणाला, दुबईत.

आपला आळस हा ज्यांना उपाय वाटतो अशा माणसांनी हा तालुका भरलेला आहे.

संध्याकाळी कोप्प्याच्या प्रज्वलला फोन केला. पंचवीस वर्षांचा आहे, परवाना आहे, कामाच्या शोधात आहे. म्हटलं, बुधवारी येऊन भेट.

१६ ऑक्टोबर

शेवटी मीच केलं. आधीच करायला हवं होतं. म्हैसूरला पदार्थविज्ञान शिकले ते काही लोणचं घालायला नाही.

पद्धत अशी. मागचे दोन्ही बल्ब काढून ठेवले. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडला. ब्रेक दाबल्यावर तार कुठे पत्र्याला टेकत असेल तर हा बल्ब भक्कन पेटेल. टेकत नसेल तर अंधार. मग एकेक सांधा सोडवत जायचं. तम्मय्याला ब्रेकवर बसवलं. पक्कड, टेप, चाकू सगळं कापडी पिशवीत घालून ती माझ्या हाताशी मागच्या उजव्या हुकाला अडकवली.

पेटला. पुढचा भाग सोडवला, पेटला. मागच्या बाकाच्या फळीखालचा सांधा सोडवला, विझला. म्हणजे दोष फळीच्या मागे. लॉरेन्स आणि इस्माईल जिथे नव्हतेच तिथे. पुन्हा जोडून बघितलं, पेटला. टेप घ्यायला पिशवी हुकावरून काढली तर विझला. पिशवी परत लावली तर पेटला. आत कुठेतरी ढिला स्पर्श आहे. मी जराशी हलले तरी चालू-बंद होतो. अशा दोषाला चिकाटी लागते.

शेवटी फळीचा सांधा आणि उजवा दिवा यांच्यामधल्या वीतभर जागेत दोष बंदिस्त केला. तिथून लाल तार पत्र्याच्या आतल्या पोकळीतून वर चढते. दिव्याचं झाकण काढून तार ओढली. येईना. जणू आतून कुणी पकडून ठेवली आहे. जोरात ओढली तरी नाही. कारखान्याची चिमटी असणार. पूर्वी लोक कामं पक्की करत.

मी तम्मय्याला हाक मारून ते दाखवलं. तो आला, तारेकडे बघितलं, तार जिथे जाते तिथे वर बघितलं, पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं.

"काय?" मी म्हणाले.

"काही नाही, टीचरम्मा."

माशी गिळल्यासारखा चेहरा करून तो पुन्हा ब्रेकवर जाऊन बसला. ज्याच्यासाठी मी गुडघे मोडून घेतेय, त्याला एवढंही कुतूहल नाही.

पत्रा फोडल्याशिवाय आत हात जात नाही, आणि तपासणीच्या तोंडावर पत्रा फोडलेली जीप कोण पास करेल? म्हणून दिव्यांचे अर्थिंगचे सगळे सांधे मी काचकागदाने घासून लख्ख केले. गंज गेला. पिशवी गोळा केली, फ्यूज घातला, दिवे लागले. पण दिवे लागतात हे आता मी आनंदाचं कारण धरत नाही. सकाळी नीलम्मा आल्याबरोबर आपली टोपली हुकाला लावून अंगणात गेली, आणि तम्मय्या जीप वळवायला गेला तर नवा घातलेला फ्यूजही गेलेला, ते मी विसरलेले नाही.

नीलम्मा ही तम्मय्याची बायको. केसुवाच्या, म्हणजे अळूच्या, पानांचं पत्रोडे घेऊन आली होती, म्हणजे मागायला. पण मागितलं काहीच नाही. बसली, अक्कांशी दोन गोष्टी बोलली आणि जाताना मला म्हणाली, "टीचरम्मा, गाडी गेली तर ते दिवसभर घरी असतील. सुपारीवर चढता येत नाही, कुणाच्या गाडीवर आता घेणार नाहीत. रात्री झोपेत सुद्धा गिअर बदलतात हो." मी म्हणाले, हे त्याने ओढ्यात शिरायच्या आधी आठवायला हवं होतं. ती पदर सारखा करून गेली. जाताना टोपली हुकावरून काढून नेली.

तो प्रज्वलही आला. केस बैलाच्या शिंगांसारखे उभे, गाडीकडे एकदा बघितलं आणि फोनकडे सहा वेळा. पण ओढ्यात गाडी धुतोस का विचारल्यावर म्हणाला, "मी गाडीच धूत नाही, मेडम." चला, एक दोष तरी कमी. सोमवारी शाळा उघडते. सोमवारी ये म्हटलं. शुक्रवारचं सांगितलं: दिवे लागले तर येऊ नकोस, फोन करेन.

१७ ऑक्टोबर

पाऊस. सकाळी तम्मय्या पायरीशी येऊन उभा राहिला. चप्पल काढून. मुलगी मागायला आलेल्या माणसासारखा.

"टीचरम्मा, आज जीप जरा चौडीपाशी नेऊन आणू?"

"कशाला?"

"पूजेतलं जरा दुरुस्त करायचंय."

"काय राहिलंय पूजेत?"

तो बाहेर, जीपच्या मागच्या बाजूकडे बघत राहिला. "राहिलं नाही. जास्त झालंय."

मी त्याला सांगायचं ते सांगितलं. शिक्षण, वीज, दगड, शेंदूर, आणि चाळीस वर्षं मी या गावात काय शिकवलं. तो नेहमीसारखा ऐकत उभा. माझं संपल्यावर म्हणाला, "अर्धा तास लागेल. फक्त तुम्ही येऊ नका."

"का? मी आले तर काय होईल?"

पद्मक्का आतून कॉफीचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्यासमोर आमचीच जीभ वळत नाही विशालू, ती तर बिचारी दगड आहे." आणि पेल्यात तोंड घालून हसल्या. या वयात हसताना त्यांना ठसका लागतो. तो लागला आणि मला पाठ चोळावी लागली, त्यात माझा मुद्दा वाहून गेला.

म्हटलं, जा. उद्या नापास झालास की निदान चौडीवर तरी खापर फोडता येईल. तो पावसातच गेला. जाताना माझ्या पिशवीतली चिकटपट्टी आणि स्क्रू काढायचा पेचकस घेऊन गेला. देवीला हळदकुंकवाऐवजी हे चालतं वाटतं.

तासाभराने आला. हात काळे, कपाळाला शेंदूर. चेहरा शांत, जसा नापास मुलांचा परीक्षेनंतर असतो.

१८ ऑक्टोबर

पास.

पहाटे निघालो. घाटात धुकं होतं, तरी तम्मय्या गुणगुणत चालवत होता. मी चौडीपाशी डोळे मिटून घेतले, बघायचं नव्हतं म्हणून. चिक्कमगळूरला जीपांची रांग. आमच्या पुढची जीप हॉर्नसाठी परत पाठवली. इन्स्पेक्टर मोठे शिष्ट, चष्मा नाकावर, जीपभोवती फिरले, सगळं बघितलं. मग "ब्रेक" म्हणाले. दोन्ही दिवे लागले. "सोडा. पुन्हा." लागले. "पुन्हा." लागले. मी मागे उभी होते आणि प्रत्येक वेळी माझा श्वास त्या दिव्यांबरोबर अडकत होता, ही गोष्ट मी इथेच लिहिते, दुसरीकडे सांगणार नाही. मग हॉर्न. इतका मोठा वाजला की इन्स्पेक्टरांनी हातातला कागद पाडला.

म्हणाले, "जुनी गाडी चांगली ठेवलीय. ड्रायव्हर कुणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

येताना तम्मय्याने तिसऱ्या वळणावर गाडी हळू केली आणि जांभळाकडे बघून हात जोडले. मी त्याला सांगितलं की दिवे लागले ते मी परवा सांधे घासले म्हणून. गंज हा विजेचा शत्रू. "हो टीचरम्मा," म्हणाला. गावात मात्र आम्ही पोहोचायच्या आधीच बातमी: चौडी पावली. पोस्टमनने तर मला अभिनंदनाऐवजी तिला नारळ फोडायला सांगितलं. हा तोच, जो कोहळ्यावरून घसरला होता.

प्रज्वलला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. "ओके," म्हणाला, आणि माझं वाक्य संपायच्या आत ठेवला.

२० ऑक्टोबर

उद्या शाळा. म्हणून जीप नीट पुसून घ्यायला स्वतः उभी राहिले आणि लक्षात आलं, मागचा उजवा हूक नाही. जागी भोक, भोकात मेण, मेणावर कुंकवाचा ठिपका. जणू काही कुणी शस्त्रक्रिया करून गेलं.

तम्मय्याला बोलावलं.

"उजवा हूक कुठे आहे?"

"चौडीला दिला, टीचरम्मा."

"कुणाला विचारून?"

"तिनं मागितला. लोखंड लागतं तिला."

हे खरं आहे. तिच्यापाशी त्रिशूळांचा नुसता ढीग पडलेला असतो. पण माझा हूक? "मग डावा का नाही मागितला?"

त्याने एकदा डाव्या हुकाकडे बघितलं. मग म्हणाला, "डाव्यानं तिला काही त्रास दिला नव्हता."

मी म्हणाले, जोडीतला एकच हूक मागणारी देवी मी पहिल्यांदाच ऐकली. जोड मोडायचा नसतो एवढंही तिला कुणी शिकवलं नाही. दिवाळीला माळ लावायची आहे, तेव्हा मी तो परत आणेन, चौडीला दुसरं काहीतरी लोखंड देऊ, भंगारात पुष्कळ आहे. त्याने पहिल्यांदा माझ्याशी वाद घातला. म्हणाला, दिलेलं परत घेऊ नये. मी म्हणाले, न विचारता दिलेलं दिलेलं नसतं.

पद्मक्का पायरीवर शेंगा सोलत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत की मला जास्त राग येतो.

२१ ऑक्टोबर

मुली वेळेवर शाळेत. वरच्या वाडीच्या लहान कुसुमाला उलटी झाली, पण खिडकीतून, शिस्तीत. दिवे लागतात. हॉर्न वाजतो. आज मुद्दाम कोप्प्यापर्यंत जाऊन आले, गवळ्याच्या घरावरून. कॅन डाव्या हुकाला लावला. काही झालं नाही.

लॉरेन्स रस्त्यात भेटला. "टीचर, शेवटी काय होतं?" म्हणाला. मी म्हणाले, गंज. तो मान हलवत गेला. तम्मय्या खिडकीतून बाहेर सुपारीची झाडं मोजत होता.

२७ ऑक्टोबर

रविवार. मुली नाहीत, म्हणून तम्मय्याला न सांगता चालत घाटात गेले. दिवाळी आली, हूक हवा होता. सोबत भंगारातला कोयत्याचा तुकडा घेतला, बदल्यात.

चौडीपाशी कुणी नव्हतं. शेंदूर, सुकलेली फुलं, गंजके त्रिशूळ, घंटा, एक नाल, कुणाच्या तरी सायकलचं पेडल. माझा हूक समोरच, दगडाला टेकवून ठेवलेला, स्क्रूसकट. उचलला. त्याला कुंकू लागलं होतं म्हणून पदराने पुसला. हुकाचं निघालं. स्क्रूच्या आट्यांमधलं निघेना. कुंकू असतं तर निघालं असतं. चष्मा लावून बघितलं. आट्यांमध्ये लाल प्लास्टिकची चिंधी घट्ट पिळून बसली आहे, आणि तिच्यात दोन-तीन तांब्याचे बारीक केस. वितळून काळे झालेले.

मी तिथे जरा बसले. वर चढून आले होते, दम लागला होता.

हूक जिथे होता तिथे ठेवला. कोयत्याचा तुकडाही ठेवला. परत कशाला ओझं न्यायचं.

घरी आले तेव्हा तम्मय्या अंगणात जीप पुसत होता. कोरड्या फडक्याने. मी कुठल्या वाटेने आले हे त्याने बघितलं आणि फडकं थांबलं.

मी म्हणाले, "दिवाळीला माळ सुतळीनेच बांध."

"दिव्यांना?"

"मग आणखी कशाला बांधणार? आणि डावा हूकही काढून टाक."

"तो चौडीला देऊ?"

"तिला काय करायचाय? मला आणून दे."

मग जाता जाता म्हटलं, की ओढ्यात गाडी न्यायची असेल तर अर्ध्या चाकाच्या वर पाणी नको. "हो टीचरम्मा," म्हणाला.

पद्मक्कांनी रात्री कडुबू केले. विचारलं काहीच नाही, फक्त मला एक जास्त वाढला. आज का, ते त्यांनाच ठाऊक.

डावा हूक माझ्या टेबलाच्या खणात आहे. स्क्रू पट्टीने मोजून पाहिला. दीड इंच. एका माळेसाठी जरा जास्तच.